ठाण रिकामं झालं

दसऱ्याच्या दिवशी बडोद्यात पहाटेपासून फरसाणवाल्यांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. फाफडा आणि जिलबी खाल्ल्याशिवाय इथला दसरा साजरा होत नाही. गुजराती असोत की आमच्यासारखे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मराठी, सगळे त्या रांगेत असतात. आमच्या घरी मात्र २०११ नंतर दसऱ्याला जिलबी आलेली नाही. मुलांनी एकदा-दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. त्यामागचं कारण आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझं माहेर शहादे तालुक्यातलं, तापीकाठचं. लग्न होऊन मी बडोद्याला आले ती जुन्या शहरातल्या एका वाड्यात. पुढे ओसरी, मागे परसात आड आणि आडापलीकडे पत्र्याची लांबट पडवी. त्या पडवीला घरात सगळे ‘पागा’ म्हणत. पागेत होतं काय, तर दोन जुन्या सायकली, जळाऊ लाकडं आणि एक मोडका पाळणा! मला हसू यायचं. पुढे कळलं की मामंजींचे आजोबा गायकवाड सरकारच्या पागेत चाकरीला होते आणि घरी त्यांचा स्वतःचा एक घोडा असे. घोडा गेला, सरकार गेलं, नाव तेवढं राहिलं.

बडोद्यात असं पुष्कळ आहे. हुजरात पागा आहे, चाबुकस्वार मोहल्ला आहे. पण त्या पागेत आता घोडा नाही आणि मोहल्ल्यात चाबूकस्वार नाही. कमाटीबागेजवळ सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्या चौकाला कोणी महाराजांच्या नावाने ओळखत नाही. रिक्षावाल्याला सांगायचं, ‘काळा घोडा’, की तो बरोबर नेऊन सोडतो. मामंजी नातवंडांना बागेत नेताना तिथे हटकून थांबत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक म्हणून इथे आला, त्याला तोवर अक्षरओळखही नव्हती, ही गोष्ट ते दर वेळी तितक्याच रंगून सांगत. शेवटी म्हणत, “राजा असो नाहीतर मोतद्दार, ठाणावर घोडा असला की माणूस पहाटे उठतो.”

नोकरी संपल्यावर मामंजींचं हे पहाटे उठणं निरर्थक झालं होतं. उठायचे, ओसरीवर बसायचे, पेपरची वाट पाहायचे. सासूबाई आधीच गेलेल्या. २००३ मध्ये माझ्या भावाने त्यांना सारंगखेड्याच्या यात्रेला बोलावलं.

तुमच्यापैकी बहुतेकांनी सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहिलेला असेल, तेव्हा त्याचं वर्णन मी काय करावं! एकमुखी दत्ताचं दर्शन, तापीचा काठ, मार्गशीर्षातली थंडी आणि नजर पोचेल तिथवर बांधलेली जनावरं. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडची. मामंजी ‘नुसता बघायला’ म्हणून आले होते. दोन दिवस त्यांनी खरोखर नुसतं बघितलं. दात पाहिले, खूर उचलून पाहिले, भोवरे पाहिले. तिसऱ्या दिवशी ते एका काठेवाडी घोडीसमोर उभे राहिले ते हलेनातच. कुमैत रंग, कपाळावर बोटभर चांदणी, कानांची टोकं आत वळून एकमेकींना टेकलेली. वय चार वर्षं. गळ्यावर देवमण. रुमालाखाली व्यापाऱ्याची आणि माझ्या भावाची बोटं बराच वेळ बोलत राहिली. फंडाच्या पैशांतले अठ्ठावीस हजार रुपये मोजून दिल्यावर मामंजी माझ्याकडे वळले आणि ओशाळून म्हणाले, “सूनबाई, घरी काय सांगायचं?”

मी म्हटलं, “सांगू, माझ्या माहेरची पाठराखीण आणली.”

तळोदे, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा असा रात्रभर टेम्पोतून प्रवास करून ती बडोद्याला आली. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा कोणाला विचारावं लागलं नाही. तापीकाठची, म्हणून तापी.

त्यानंतरची आठ वर्षं आमच्या घरचं घड्याळ तापीने चालवलं. पहाटे पाचला ती पुढच्या पायाने फरशी ठोकायची. मामंजी ‘आलो गं’ म्हणत उठायचे. लीद उचलणं, खरारा करणं, पाणी, सुकं गवत, मग भिजवलेले हरभरे आणि कोंडा. हरभऱ्याचं माप ठरलेलं, पितळी शेराचं. ते मापही पणजोबांच्या काळचं. उजाडताच मामंजी तिला घेऊन निघायचे. पहिली काही वर्षं पाठीवर बसून, पुढे गुडघे बोलू लागल्यावर नुसता कासरा धरून. गल्लीतली मुलं शाळेच्या आधी तिच्या मानेवर हात फिरवून जायची. परीक्षेच्या दिवशी तर रांग!

मला आधी तिची भीती वाटे. मग एकदा माझा भाऊ अपघातात गेल्याची बातमी आली. माहेरी जाऊन आले, दिवसकार्य झालं, परत बडोद्याला आले आणि कामाला लागले. सगळ्यांना वाटलं, सावरली. एका दुपारी पाणी ठेवायला पागेत गेले आणि कशी कोण जाणे, तिच्या मानेवर डोकं ठेवून उभी राहिले. ती हलली नाही. अर्धा तास असेल. आयाळीला गवताचा आणि उन्हाचा वास होता. ज्याने तिची किंमत ठरवली ती बोटं आता नव्हती. हे तिला कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण ती हलली नाही, एवढं खरं. त्या दिवसापासून दुपारचं पाणी माझ्याकडे आलं.

आपल्याकडे बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे. घोड्याचा दिवस म्हणजे दसरा. जुन्या काळी बडोद्यात दसऱ्याला हत्ती-घोड्यांची सवारी निघायची. आमच्याकडे सवारी म्हणजे एकटी तापी. सकाळी तिला आंघोळ, खुरांना तेल, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर कुंकू. मग गल्लीतल्या बायका ओवाळायला यायच्या. मामंजींचा नियम कडक होता. ज्याने त्याने फक्त बोटाच्या पेराएवढा गूळ द्यायचा. जास्त काही पुढे केलं की ते सरळ हात धरायचे. “तिचं पोट एवढं मोठं दिसतं ना, ते फसवं आहे,” म्हणायचे.

२०११ चा दसरा ६ ऑक्टोबरला होता. नऊ रात्री गरब्याची जाग्रणं झालेली, घरात पाहुणे. दुपारी पंगती उठल्या आणि परातभर पुऱ्या उरल्या. सकाळच्या जिलब्या होत्या, नैवेद्याचे उकडलेले हरभरे होते. सगळे वामकुक्षीला आडवे झाले होते. मी ती परात घेऊन पागेत गेले. मनात एवढंच होतं की आज तिचा सण आहे आणि तिला सगळ्यांनी पेरभर गुळावर भागवलं. तिने परात चाटून पुसून साफ केली. जिलबीचा पाक ओठांना लागला होता, तो मी पदराने पुसला. मामंजींना कळू नये म्हणून.

संध्याकाळी मामंजी तिला घेऊन सीमोल्लंघनाला जाऊन आले. तिला ठाणावर बांधून ते नातेवाइकांकडे सोनं द्यायला गेले. रात्री नऊच्या सुमाराला मी पाणी बघायला गेले तेव्हा बादली तशीच भरलेली होती. तापी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होती. मला वाटलं, माशी बसली असेल. मग तिने पुढचा पाय फरशीवर खरवडला. पाचचा ठोका नव्हता तो. ती बसली, उठली, परत बसली. मला वाटलं, दिवसभर माणसांची वर्दळ, दमली असेल. जमिनीवर लीद नव्हती हेही मी पाहिलं. पाहिलं आणि आत आले. आत पाहुण्यांना दूध द्यायचं होतं.

साडेदहाला मामंजी आले. पागेत गेले आणि तिथूनच माझ्या यजमानांना हाक मारली. तशी हाक मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. तापीचं अंग घामाने निथळत होतं आणि ती लोळायचा प्रयत्न करत होती. “शूळ आहे,” मामंजी म्हणाले. “डॉक्टरला फोन करा. आधी फोन करा.”

सणाची रात्र. एक डॉक्टर गावाला गेलेले, दुसऱ्यांचा फोन लागेना. तिसरे साडेबाराला आले. तोवर मामंजी आणि मी तिला परसात फिरवत होतो. शेजारच्या एका आजोबांनी ओवा-हिंगाचं पाणी बाटलीने पाजायला सांगितलं. मामंजींनी नको म्हटलं. घोड्याला दुखत असताना तोंडातून काही ओतलं तर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना खूप काही ठाऊक होतं.

डॉक्टर तरुण होते, पण हात सराईत. जबड्याखाली नाडी धरली. निरोगी घोड्याचं हृदय विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४ ठोके देतं. तापीचे नव्वदच्या पुढे चालले होते. वरचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, त्या जांभळट झाल्या होत्या. पोटाला कान लावणारं यंत्र लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “आत काहीच आवाज नाही.” नंतर मला कळलं की घोड्याच्या पोटात सतत गडगडत असतं, आणि तिथली शांतता हीच सगळ्यात वाईट.

मग त्यांनी नाकातून पोटात नळी घातली. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं बाहेर येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्याच्या पुढचं मोठं आतडं मात्र प्रचंड, आणि ते पोटात बरंचसं मोकळं असतं. गॅस धरला की सरकतं, कधी पीळ बसतो. पीळ बसला की रक्त थांबतं. हे सगळं डॉक्टर हात चालवता चालवता सांगत होते, बहुधा आम्हाला धीर यावा म्हणून. मध्येच त्यांनी विचारलं, “आज नेहमीपेक्षा वेगळं काही खाल्लं का हिने?”

पागेत बल्ब होता, साठचा. त्या उजेडात मामंजी, माझे यजमान, दोन शेजारी आणि मी. कोणी काही बोलेना. मग मामंजी म्हणाले, “नाही. नेहमीचंच. थोडा गूळ.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो. थोडा गूळ.”

ते शब्द मी उच्चारले. अजूनही कधी कधी रात्री तो बल्ब दिसतो आणि ते ऐकू येतात.

वेदना कमी करणाऱ्या इंजेक्शनने तासभर तिला बरं वाटलं. तिने मामंजींच्या सदऱ्याला नाक लावलं, फुरफुरली. आम्हाला आशा वाटली. दोनच्या पुढे पुन्हा सुरू झालं. पीळ असेल तर शस्त्रक्रिया हा एकच उपाय, आणि ते परसात होण्यासारखं काम नव्हतं. तितक्या लांब नेण्याइतका वेळही नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. शेवटी ती आडवी झाली ती उठली नाही. मामंजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना सगळं संपलं. पहाटे पाचला फरशीवर ठोका पडला नाही. सवयीने आम्ही दोघांनीही त्या वेळी तिच्या खुरांकडे पाहिलं.

मेलेली घोडी जुन्या शहरातल्या गल्लीतून बाहेर काढणं किती अवघड असतं हे मी लिहीत नाही. यजमानांच्या एका मित्राचं शहराबाहेर शेत होतं. तिथे यंत्राने आठ फूट खड्डा खणला. मिठाच्या गोण्या ओतल्या. कालची झेंडूची माळ गळ्यातच होती. मामंजींनी ती काढू दिली नाही. फक्त पायातले नाल काढून घेतले.

घरी आलो. आंघोळी केल्या. आणि मग... मग काय?

माणूस गेलं की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. सुतक असतं, चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. दहावा, तेरावा असतो. लोक येतात, बसतात, ‘कसं झालं हो?’ विचारतात, आणि त्यांना तीच हकीगत वीस वेळा सांगता सांगता आपल्या आतलं काहीतरी थोडं थोडं बाहेर पडतं. भाऊ गेला तेव्हा मी ते अनुभवलं होतं. घोडीला यातलं काहीच नाही. त्या दुपारी घरात नेहमीसारखा स्वयंपाक झाला. एक पाहुणे म्हणाले, “वाईट झालं, पण घोडीच होती ना. यंदा सारंगखेड्याहून दुसरी आणा.” ते वाईट मनाने म्हणाले नाहीत. आमचं दुःख सांगायला रीतच नव्हती, तर त्यांनी तरी काय करावं!

मामंजी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ते पहाटे पाचला उठतच राहिले. पागेत जायचे, झाडायचे, रिकाम्या ठाणापाशी खुर्ची टाकून बसायचे. पितळी शेर त्यांनी घासूनपुसून फळीवर पालथा ठेवला होता. माझ्याशी ते तापीबद्दल कधी बोलले नाहीत. मला खात्री होती की त्यांना परातीचं कळलं आहे आणि ते मला क्षमा करू शकत नाहीत. मी त्यांच्यासमोर जाणं टाळू लागले. चहा ठेवायचा आणि निघून यायचं. आधी आम्ही दोघं किती गप्पा मारायचो! एका छपराखाली तीन वर्षं आम्ही अशी काढली.

२०१४ च्या उन्हाळ्यात मामंजी अंथरुणाला खिळले. त्या वर्षी दसरा ३ ऑक्टोबरला होता. शेजारच्या घरून जिलबीचा पुडा आला. मी तो झटकन आत नेऊ लागले, तेवढ्यात ते म्हणाले, “सूनबाई, तू जिलबी का आणत नाहीस गं?”

मी तिथेच खाली बसले आणि सगळं सांगितलं. परात, पुऱ्या, पाक, पदराने पुसलेले ओठ. नऊ वाजता दिसलेलं आणि दुर्लक्ष केलेलं. डॉक्टरांना दिलेलं उत्तर. सांगताना त्यांच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “मी शेर भरून दिला होता.”

मला कळेना.

“सीमोल्लंघनाहून आलो. तिचं अंग तापलेलं होतं. थोडी निवू द्यायला हवी होती. पण लोकांनी रस्त्यात तिचं एवढं कौतुक केलं, म्हटलं आज सण आहे. तोबऱ्यात एक शेर घातला, वर आणखी एक. दोन शेर हरभरे, आणि लगेच सोनं वाटायला निघून गेलो. डॉक्टरने विचारलं तेव्हा... तीन पिढ्यांची पागा सांगणारा माणूस मी. कसं सांगू की मला तेवढंही कळलं नाही?”

तीन वर्षं ते पहाटे त्या रिकाम्या ठाणापाशी बसत होते, ते मला दोष देत नव्हते. ते स्वतःला दोष देत होते. मी त्यांच्यापासून तोंड लपवत होते आणि ते माझ्यापासून. त्यांना वाटत होतं की फळीवरचं माप ओलं होतं ते मी पाहिलं असणार.

त्या संध्याकाळी त्यांनी मला पागेत न्यायला सांगितलं. यजमानांनी आणि मुलाने त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. मी पुडा उघडून एक जिलबी ठाणावर ठेवली. मग आम्ही दोघं बोलत बसलो. सारंगखेड्याचा रुमाल, टेम्पोतली रात्र, परीक्षेच्या दिवसांची रांग, सगळं. मध्येच हसलो, मध्येच रडलो. दिवाळीनंतर मामंजी गेले. त्यांचं सुतक आम्ही पाळलं, तेरावा केला, लोक येऊन बसून गेले.

पुढे एका जाणत्या पशुवैद्यांना मी धीर करून विचारलं, “माझ्यामुळे गेली का हो ती?” ते म्हणाले, “ताई, अचानक आणि फार धान्य, पीठ, गोड पोटात गेलं तर ते आंबतं, गॅस धरतो आणि शूळ उठू शकतो, हे खरं. पण काहीही वावगं न खाता पीळ बसलेली जनावरंही मी पाहिली आहेत. पोट उघडून पाहिलं नाही, तर आता कोणी सांगू शकणार नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “मात्र डॉक्टरने विचारलं की खरं सांगावं. उपचार कदाचित तेच झाले असते. पण खरं सांगावं.”

ज्यांच्या घरी घोडं आहे त्यांच्यासाठी एवढंच लिहिते. ते कुशीकडे वळून वळून पाहू लागलं, पाय खरवडू लागलं, खाणं-पाणी सोडलं, लीद थांबली, तर पाहुण्यांचं दूध बाजूला ठेवा. पुढ्यातलं खाणं काढून घ्या आणि डॉक्टर येईपर्यंत घरचा उपाय म्हणून तोंडातून काही पाजू नका. फोन मात्र त्याच क्षणी करा. यात तासांना किंमत असते.

२०१८ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातल्या मानाच्या अश्वांपैकी हिरा हा पालखी पुण्यात असताना हृदयविकाराने गेला. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व दर वर्षी पायी आळंदीला येतात. त्यातल्या एकावर स्वार बसत नाही. त्यावर स्वतः माउली असतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. रिंगणात तो धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. हिरा गेल्याची हळहळ साऱ्या वारीला लागली. ती बातमी वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले, आणि खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटला. हिऱ्यासाठी हळहळणारे लाखो होते, आणि कोणी त्यांना ‘घोडाच होता ना’ म्हणालं नसेल.

पण मग वाटलं, आपल्या घरच्या मुक्या जिवासाठी लाखो माणसं कशाला हवीत! समोर बसून ‘कसं झालं हो?’ विचारणारं एक माणूस पुरतं. आमच्या घरात ते होतं, मी त्याच्यापुढे चहा ठेवून निघून जात होते. तुमच्या शेजारी कोणाचा बैल गेला, म्हैस गेली, दारातलं कुत्रं गेलं, तर ‘दुसरं आणा’ म्हणण्याआधी घटकाभर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. कसं झालं, ते विचारा.

पागेत आता माझ्या मुलाची मोटरसायकल असते. तापीचे चार नाल मागच्या दाराच्या चौकटीवर ठोकले आहेत. पितळी शेर मी तांदूळ मोजायला घेतला. यंदाही दसऱ्याला जिलबी आणणार नाही. मुलांनी विचारलं, तर त्यांच्यापुढे हा अंक ठेवीन.